यंत्र बिघडलं, तर आधी माणसाला बोल लावू नका

हिमायतनगरहून आम्ही बोलतोय. बचत गटांच्या बैठका, हप्ते, बँकेच्या चकरा हे आमचं रोजचं काम. पण आजचं बोलणं हप्त्यांवर नाही. आज एका पेटीबद्दल सांगायचं आहे, अंडी उबवायच्या पेटीबद्दल. ती कशी बिघडली, दुरुस्त करताना आम्ही कुठं चुकलो आणि चुकत चुकत काय शिकलो, ते ऐका. तुमच्याकडं अशी पेटी नसेलही. पण मोटारीचा ऑटो असेल, सोलरचा दिवा असेल. बिघाड शोधायची रीत सगळ्यांना एकच लागते.

आपल्या गावरान कोंबडीचं तुम्हाला सांगायला नको. खुडूक बसली की दहा-बारा अंडी घेऊन बसते, २१ दिवसांनी पिल्लं काढते, आणि तेवढे दिवस अंडी देणं बंद. आमच्या एका गटानं ठरवलं, की उबवायचं काम पेटीकडं द्यायचं, कोंबडीनं अंडी देत राहावं, आणि आपण पिल्लं विकावीत. बाजारातली तयार पेटी महाग पडत होती. गटातल्याच एका ताईची मुलगी बारावी सायन्सला आहे. शाळेत असताना ती आर्डुइनो शिकली होती. ती म्हणाली, "मी करून देते." गटानं अंतर्गत कर्जातून साडेचार हजार रुपये दिले.

आता हे आर्डुइनो म्हणजे काय? तळहाताएवढी एक पाटी असते, तिच्यावर मायक्रोकंट्रोलर नावाची चिप असते. इटलीतल्या इव्रेया गावात २००५ साली ही पाटी तयार झाली, ती इंजिनिअर नसलेल्या विद्यार्थ्यांना सहज वापरता यावी म्हणून. तिचा आराखडाही सगळ्यांसाठी खुला ठेवला. म्हणून आज ती शाळेतल्या मुलांच्या हातात दिसते. काम साधं आहे. आपण दुधाकडं बघत उभ्या राहतो, वर आलं की गॅस बारीक करतो, खाली गेलं की वाढवतो. ही चिप तेच करते, फक्त तिला कंटाळा येत नाही. सेन्सर उष्णता सांगतो, कमी असेल तर चिप बल्ब लावते, जास्त झाली की बंद करते.

आमची पेटी म्हणजे एक जुनं लाकडी कपाट. आतून थर्माकोल, दोन जुन्या पद्धतीचे पिवळे बल्ब, कारण एलईडी बल्ब उबेसाठी पुरेसा तापत नाही. हवा फिरवायला छोटा पंखा, ओलाव्यासाठी पाण्याची वाटी. कोंबडी चोचीनं अंडी फिरवते, तसा अंड्यांचा ट्रे दर चार तासांनी एकदा डावीकडं, एकदा उजवीकडं कलता करायला छोटी सर्वो मोटर. आणि बाहेर आकडे दाखवायला एक बारका स्क्रीन.

पहिल्या खेपेला ६० अंडी ठेवली. २१ दिवस झाले, बावीस झाले, तेवीस झाले. पिल्लं निघाली ७. त्यातली दोन दुसऱ्या दिवशी गेली.

त्या आठवड्याची बैठक आम्ही विसरणार नाही. एक मावशी म्हणाल्या, "कामून पोरीच्या नादी लागलो आपण?" दुसरी म्हणाली, "पैसे पाण्यात गेले." आणि खरं सांगायचं तर आम्हीही गप्प बसलो नाही. आम्ही म्हणालो, "आधी तपासून घ्यायला पाहिजे होतं." पोरगी भिंतीला टेकून खाली मान घालून बसली होती. तिची आई उठली आणि म्हणाली, "कापूस वेचणीच्या पैशातून मी फेडीन, पण माझ्या लेकराला बोलू नका." मग कुणाच्याच तोंडून शब्द निघाला नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिच्या घरी गेलो. पेटी दुरुस्त करू म्हणालो. आणि इथंच आमची दुसरी चूक झाली. घाईघाईत सगळंच बदललं. चार्जर बदलला, एक बल्ब बदलला, वायरी काढून पुन्हा खोचल्या. पेटी दोन दिवस बरी चालल्यासारखी वाटली, तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. आता काय बदलल्यानं बरं झालं होतं आणि कशानं पुन्हा बिघडलं, काहीच सांगता येईना. भाजी खारट झाली म्हणून एकाच वेळी पाणी घातलं, बटाटा टाकला, लिंबू पिळलं, तर चव कशानं सुधारली ते कसं कळणार? तसंच ते.

मग आम्ही गटाचीच रीत वापरली. आपण पैशाचा हिशोब कसा ठेवतो? तोंडी नाही, वहीत. पेटीचीही वही केली. तारीख, वेळ, स्क्रीनवरचा आकडा, आणि डोळ्याला काय दिसलं ते. अंडी न ठेवता पेटी चालू केली आणि चौघींनी पाळ्या लावून घेतल्या. एक नियम केला. वहीत फक्त काय दिसलं ते लिहायचं. कुणामुळं झालं, ते लिहायचं नाही.

चौथ्या दिवशी वही वाचताना पहिला धागा सापडला. ज्या मावशी बैठकीत सगळ्यात जास्त बोलल्या होत्या, त्यांनीच नातवाकडून लिहून घेतलं होतं, "मधूनमधून पेटी आपल्या गटाचं नाव दाखवते." आम्हाला वाटलं, छान आहे. पण मुलीचा चेहरा बदलला. ती म्हणाली, "गटाचं नाव फक्त पेटी चालू होताना एकदाच यायला पाहिजे." म्हणजे पेटी मधूनच बंद पडून पुन्हा चालू होत होती. आणि मग तिनं हळूच सांगितलं, की हे तिनं पहिल्या खेपेला चौथ्याच दिवशी पाहिलं होतं. "मग बोलली का नाहीस?" "भीती वाटली. सगळ्या म्हणतील, हिला येत नाही."

तायांनो, आमच्या मते सगळ्या गोष्टीतली मोठी गोष्ट हीच आहे. त्या चौथ्या दिवशी ती बोलली असती, तर बरीच अंडी वाचली असती. ती बोलली नाही, कारण आपण बोल लावू हे तिला माहीत होतं. जिथं बोल लावतात, तिथं बिघाड लपतो. हिशोबातली चूकही अशीच लपते, हे आपण गटात पाहिलेलं आहे.

आता पेटी पुन्हा पुन्हा चालू का होते? आधी वीज बघायची. कुठल्याही इलेक्ट्रॉनिक वस्तूत पहिली शंका विजेवर घ्यावी, दुसरी सैल जोडावर, तिसरी सेन्सरवर, आणि सगळ्यात शेवटी चिपवर. चिप क्वचितच बिघडते, पण आपण पहिला संशय तिच्यावर घेतो, कारण ती आपल्याला कळत नाही.

वहीतून दिसलं, की गटाचं नाव येण्याची वेळ आणि ट्रे हलण्याची वेळ एकच आहे. चार-चार तास वाट कोण बघणार? मुलीनं प्रोग्राममध्ये चार तासांच्या जागी एक मिनिट केलं. आता बिघाड दर मिनिटाला डोळ्यांसमोर होऊ लागला. मोटारीची वायर काढली, तर पेटी तासभर नीट चालली. वायर जोडली, की पुन्हा गटाचं नाव. वायरमन दादांकडून मल्टीमीटर आणला. पाटीवर पाच व्होल्ट असायला पाहिजेत. मोटर उचल खाताना काटा चारच्याही खाली जाई.

कारण असं, की मोबाईलच्या एका चार्जरवर चिप, स्क्रीन आणि मोटर असे तिघं जेवत होते. मोटर सुरू होताना एकदम जास्त करंट ओढते, आणि चिपच्या वाट्याचं तेवढ्यापुरतं कमी पडतं. चिपला गुंगी येते आणि ती पुन्हा पहिल्यापासून सुरू करते. पंप चालू केला की घरातला दिवा मंद होतो, ते तुम्ही पाहिलं असेल. तसंच.

नुकसान कसं झालं ते बघा. पेटी चालू होताना प्रोग्राम ट्रे डावीकडं ठेवतो. उजवीकडं जायची वेळ आली की मोटर उचल खाई, चिप बंद पडे, पुन्हा चालू होई, ट्रे पुन्हा डावीकडं. म्हणजे २१ दिवस अंडी खऱ्या अर्थानं फिरलीच नाहीत. अंडं फिरलं नाही, तर आतला जीव कवचाला चिकटतो. शिवाय १८ दिवसांनंतर अंडी फिरवणं थांबवायचं असतं. पण पेटी दर वेळी पहिल्यापासून दिवस मोजत होती, त्यामुळं तिचा अठरावा दिवस कधी उगवलाच नाही. लाईट गेली की तेच व्हायचं. आणि आपल्याकडं लाईट जाते, हे काय सांगायचं!

उपाय केला. मोटारीला वेगळा पाच व्होल्टचा, जास्त अँपिअरचा अॅडॉप्टर घेतला. जोडला, तर मोटर नुसतीच थरथरायला लागली. आम्ही पुन्हा हिरमुसलो. पण या वेळी एकच गोष्ट बदलली होती, म्हणून शोधायची जागाही एकच होती. मुलीनं फोनवर शाळेतल्या सरांना विचारलं. ते म्हणाले, दोन्ही अॅडॉप्टरचे ग्राउंड, म्हणजे वजा बाजूच्या वायरी, एकमेकींना जोडायच्या राहिल्या. अधिक बाजू मात्र एकमेकींना जोडायच्या नाहीत. असं समजा, दोन बाया उंची मोजतायत. एक ओट्यावर उभी, एक अंगणात. मग कोण उंच, हे कसं ठरणार? दोघींनी एकाच जमिनीवर उभं राहायला पाहिजे. ग्राउंड म्हणजे ती जमीन. वायर जोडली आणि ट्रे उजवीकडं गेला. बिघडलेला ट्रे हलला म्हणून टाळ्या वाजवणाऱ्या बाया तुम्ही कधी पाहिल्या नसतील. आम्ही वाजवल्या.

दिवस मोजायचा उपाय तर फुकटात झाला. मुलगी म्हणत होती, बॅटरीवर चालणारं घड्याळ बसवू, लाईट गेली तरी त्याला तारीख आठवते. ते खरं आहे, पुढं बसवूही. पण तिची आई म्हणाली, "भिंतीवर कॅलेंडर आहे ना?" अंडी ठेवली त्या तारखेला गोल केला आणि अठरा दिवस मोजून दुसरा गोल केला. त्या दिवशी मोटारीचं बटण हातानं बंद करायचं. सगळंच यंत्रानं करायला पाहिजे असं थोडंच आहे?

आता दुसरा बिघाड, उष्णतेचा. अशा पेटीत साधारण साडेसदतीस अंश सेल्सिअस उष्णता लागते. स्क्रीन बरोबर ३७.५ दाखवत होता. पण स्क्रीन खरं बोलतो का, हे आम्ही विचारलंच नव्हतं. सेन्सर खोटं बोलला, तर चिप इमानदारीनं चुकीचं काम करते.

तपासलं कशानं? आशाताईंकडच्या ताप मोजायच्या थर्मामीटरनं. एक छोटी बाटली पाण्यानं भरून अंड्यांच्या उंचीवर दोन तास ठेवली आणि थर्मामीटरचं टोक त्या पाण्यात धरलं. लक्षात ठेवा, हे थर्मामीटर सगळ्यात मोठा आकडा धरून ठेवतं, म्हणून दर वेळी बंद करून पुन्हा चालू करायचं. साडेसदतीस सेल्सिअस म्हणजे साडेनव्याण्णव फॅरेनहाइट यायला पाहिजे. आले १०२. माणसाला एवढा ताप असता तर आपण कपाळावर ओल्या पट्ट्या ठेवल्या असत्या. आमची अंडी २१ दिवस तापात होती.

या वेळी शहाणपण आलं होतं. एका वेळी एकच बदल. सेन्सर हवेच्या भोकाजवळ लावला होता, तिथं बाहेरची गार हवा लागायची. तो आधी अंड्यांच्या उंचीवर आणला. आकडा १०२ वरून साडेशंभराच्या जवळ आला. वहीत लिहिलं. मग सेन्सरच बदलला. आधीचा डीएचटी ११ होता. तो दोन अंश सेल्सिअस इकडंतिकडं दाखवू शकतो, हे त्याच्या माहितीपत्रकातच असतं. खोलीची हवा मोजायला तो चालतो, अंड्याला दोन अंश म्हणजे जीवन-मरणाचा फरक. डीएचटी २२ अर्ध्या अंशाच्या आत राहतो. तो लावल्यावर थर्मामीटरनं शंभराच्या आत आकडा दाखवला. उरलेला फरक मुलीनं प्रोग्राममध्ये वजा केला. दोन दिवस तपासून मगच अंडी ठेवली.

दुसऱ्या खेपेलाही ६० अंडी. सातव्या रात्री अंधारात बॅटरीच्या उजेडावर धरून बघितली, ११ रिकामी निघाली, ती काढली. उरली ४९. एकविसाव्या दिवशी पहाटे त्या ताईंचा फोन आला. बोलल्या काहीच नाहीत, फोन पेटीजवळ धरला. आतून चिवचिव ऐकू येत होती. पिल्लं निघाली ३८. कर्ज अजून फिटायचं आहे, ते गटच फेडतोय. वेचणीच्या पैशाला कुणी हात लावू दिला नाही.

एक गोष्ट कळकळीनं सांगतो. पाच आणि बारा व्होल्टच्या बाजूला आपण शिकत शिकत हात घालू शकतो. पण बल्बकडं जाणारी २३० व्होल्टची वायर म्हणजे खेळ नाही. तो जोड वायरमनकडूनच करून घ्या. उघडा जोड ठेवू नका. पेटीला हात लावण्याआधी प्लग काढा, नुसतं बटण बंद करून भागत नाही. जवळच पाण्याची वाटी असते, ओल्या हातानं काही करू नका. आणि थर्माकोलपासून बल्ब लांब ठेवा, तो पेट घेतो.

कुणी म्हणेल, खेड्यातल्या बायांनी हे कशाला करावं? तर हे काही नवं नाही. पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यात पाबळ गाव आहे. हिंदुस्थान लिव्हर कंपनीतलं संशोधनाचं काम सोडून डॉ. श्रीनाथ कलबाग तिथं गेले आणि १९८३ साली त्यांनी विज्ञान आश्रम सुरू केला. शाळा सुटलेल्या मुलामुलींनी हातानं काम करत करत शिकावं, ही तिथली पद्धत. २००२ साली अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेच्या मदतीनं तिथं फॅब लॅब झाली, म्हणजे कल्पना सुचली की तिथंच वस्तू बनवून बघायची कार्यशाळा. मुंबईच्या आयआयटीनं शाळकरी मुलांसाठी सौर दिव्यांची योजना केली, तेव्हा दिवे जोडायचं आणि दुरुस्तीचं काम गावाकडच्याच लोकांना शिकवलं. राजस्थानात डुंगरपूरला तर आदिवासी बचत गटांच्या बाया सौर पॅनल बनवणाऱ्या कंपनीच्या मालक झाल्या, कंपनीचं नाव 'दुर्गा'. आम्हाला यातून एवढंच कळतं, की वस्तू गावात आली पण दुरुस्ती गावात आली नाही, तर ती वस्तू सहा महिन्यांत माळ्यावर जाते.

म्हणून आमच्या वहीच्या पहिल्या पानावर जे लिहिलंय, ते सांगतो. तुमच्या सोलरच्या दिव्याला, मोटारीच्या ऑटोला, शेतातल्या ओलाव्याच्या सेन्सरलाही ते लागू पडतं.

पहिलं, काय दिसलं ते तारखेसह लिहा. दुसरं, आधी वीज तपासा, मग जोड. वायर हळूच हलवून बघा, बिघाड येतो-जातो का. प्रोग्राम पाटीवर जातच नसेल, तर आधी केबल बदला, कारण काही केबल नुसत्या चार्जिंगच्या असतात. तिसरं, एका वेळी एकच गोष्ट बदला. चौथं, एकेक भाग काढून बघा, उरलेलं नीट चालतं का. पाचवं, यंत्रानं दाखवलेला आकडा दुसऱ्या साधनानं पडताळा. जमिनीत खोचायच्या सेन्सरचे उघडे पाय ओल्या मातीत गंजतात आणि मग तो मनानं काहीही सांगतो. तेव्हा मूठभर माती हातात घेऊन दाबून बघा, आपला हातही सेन्सरच आहे. सहावं, बरं झालं की कशानं बरं झालं तेही लिहा, नाहीतर पुढच्या वेळी पुन्हा पहिल्यापासून.

आणि सातवं, जे त्या मुलीच्या आईनं स्वतःच्या हातानं लिहिलं. "कोणी चूक सांगितली तर रागवायचं नाही."

आता ती मुलगी दर बैठकीला येते. परवा तिनं स्वतःहून सांगितलं, "मावशी, माझ्याकडून एक वायर उलटी लागली होती, काढली." मावशी म्हणाल्या, "बरं झालं सांगितलंस. वहीत लिही."

तुमच्या गटातली एखादी मुलगी असं काही करू पाहत असेल, तर पुढच्या बैठकीत तिला बोलवा आणि तिच्या हातात एक कोरी वही द्या.